इंजिनाला भूक हवेची

मागच्या गळीत हंगामातली गोष्ट. लातूरहून एसटीने नांदेडला येत होतो. अहमदपूर मागे पडलं आणि माळाकोळीच्या अलीकडे एका चढावर आमची गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली. मागे दोन ट्रॉल्या, दोन्ही काठोकाठ भरलेल्या. ट्रॅक्टर मुंगीच्या पावलाने चढत होता आणि त्याच्या धुराड्यातून काळाकुट्ट धूर आभाळाकडे जात होता. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "काय जोर आहे बघा गाड्यात! ड्रायव्हरनं पंप वाढवून घेतलेला दिसतोय."

मी म्हणालो, "धुराड्यातून दिसतोय तो जोर नाही हो. ते न जळलेलं डिझेल आहे."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की, या माणसाला गाड्यातलं काही कळत नाही. मी गप्प बसलो. नांदेडात तीस वर्षं मुलांना डिझेल इंजिन शिकवण्यात घालवल्यावर माणसाला गप्प बसणं कठीण जातं. म्हणून त्या दिवशी एसटीत जे बोललो नाही ते आज तुमच्याशी बोलतो आहे.

आपल्याकडे एक समजूत फार खोल रुजलेली आहे. इंजिन दमलं की त्याला डिझेल वाढवून द्यायचं. बैल दमला की वैरण जास्त घालतो, तसं. काळा धूर आला म्हणजे इंजिनाला खाणं पोचलं, अशी आपली खात्री पटते. ही समजूत किती महाग पडते, हे मी लहानपणीच पाहिलं आहे. ती गोष्ट आधी सांगतो.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. लातूर जिल्हा १९८२ साली झाला. त्यापूर्वी आम्ही तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात होतो. १९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. गावात वीज नव्हती. आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं ऑइल इंजिन होतं, कर्ज काढून घेतलेलं. ते चालू करायला हँडल मारावं लागे आणि त्याच्या टुकटुक आवाजावरून अर्ध्या शिवारात कळे की आमच्या मळ्यात पाणी सुरू झालं.

त्या वर्षी विहिरीचं पाणी खाली खाली गेलं. ज्यांनी विहिरीवर पंप चालवले आहेत त्यांना माहीत आहे, की आपला साधा पंप वीस-पंचवीस फुटांच्या खालून पाणी ओढत नाही. वर ढकलेल हवं तितकं, पण खालून ओढण्याला निसर्गाची मर्यादा आहे. म्हणून माझ्या वडिलांनी आणि चुलत्यांनी, चुलत्यांना आम्ही तात्या म्हणायचो, विहिरीच्या आत खडकात एक टप्पा फोडला आणि इंजिन-पंप दोन्ही तिथे उतरवले. त्या काळी अनेकांनी हेच केलं.

पहिले दोन-तीन दिवस ठीक गेले. मग इंजिन दमायला लागलं. चालू केल्यावर अर्धा तास बरं चाले, मग आवाज जड होई, वेग उतरे, धूर काळा पडे. तात्या वरून वाकून म्हणायचे, "इंजन धापा टाकायलंय रे." गावात फिटर आला होता तेव्हा त्याने डिझेल वाढवायचा स्क्रू कुठे असतो ते दाखवलं होतं. पुढे काय झालं ते सांगण्याआधी इंजिनाच्या पोटात काय चालतं ते पाहू. नाहीतर गोष्ट नुसतीच गोष्ट राहील.

पेट्रोलच्या गाडीत पेट्रोल आणि हवा आधी एकत्र मिसळतात, मग ते मिश्रण सिलिंडरमध्ये जातं आणि ठिणगीने पेटतं. डिझेल इंजिनात ठिणगी नाही. आत जाते ती नुसती हवा. पिस्टन ती हवा दाबतो. सोळा-सतरा भाग हवा एका भागाच्या जागेत कोंबतो. सायकलला हवा भरताना पंपाची नळी गरम होते ना, तेच इथे फार मोठ्या प्रमाणावर होतं. हवा पाचशे अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा येतो आणि आपोआप पेटतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पेट्रोलच्या गाडीत ॲक्सिलरेटर कमी केला की हवा आणि पेट्रोल दोन्ही कमी होतात. डिझेल इंजिनात हवेला दरवाजा नाही. आपल्या त्या साध्या ऑइल इंजिनात तर पिस्टन प्रत्येक फेरीला छाती भरून सारखीच हवा घेतो. कमीजास्त होतं ते फक्त डिझेल.

एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. आपण डिझेल लिटरवर घेतो, म्हणून लिटरचा हिशोब करू. एक लिटर डिझेलला कमीत कमी दहा हजार लिटर हवा लागते. मराठवाड्यातल्या माणसाला दहा हजार लिटर म्हणजे किती ते समजावून सांगावं लागत नाही. आपल्या गल्लीत उन्हाळ्यात येतो तो एक टँकर. एक लिटर डिझेलमागे एक टँकरभर हवा, हे लक्षात ठेवा.

आणि हे झालं कागदावरचं. फवाऱ्यातल्या थेंबाथेंबाला वेळेवर हवा गाठायची असते. सेकंदाच्या काही हजाराव्या भागात सगळं व्हायचं असतं. त्यामुळे काठावरची हवा पुरत नाही. पूर्ण ओझ्यावर चालणाऱ्या इंजिनालासुद्धा जवळजवळ दीड टँकर हवा हवी असते. रिकामं चालतं तेव्हा पाच-सहा टँकर हवेत एक लिटर डिझेल जळत असतं.

माझ्या वर्गात दर वर्षी एक तरी मुलगा विचारायचा, "सर, गॅरेजवाले म्हणतात, मिश्रण पातळ झालं की इंजिन तापतं. मग डिझेल कमी केलं तर इंजिन तापणार नाही का?" प्रश्न चांगला आहे. मोटारसायकलच्या बाबतीत गॅरेजवाल्याचं बरोबर असतं. तिथे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण ठरलेल्या अंकाजवळच राहावं लागतं. पेट्रोल थोडं कमी पडलं की ज्वाला रेंगाळते आणि इंजिन तापतं. पण तोच नियम डिझेलला लावला की चूक होते. डिझेल इंजिनात हवा मुळातच जास्त असते. डिझेल कमी म्हणजे आग कमी, म्हणजे उष्णता कमी. डिझेल वाढवलं की उष्णता वाढते. इतकं ते सरळ आहे.

मी मुलांना हे तोंडी सांगत बसायचो नाही. आमच्याकडे एका सिलिंडरचं इंजिन होतं, त्याला ओझं देण्यासाठी ब्रेक-ड्रम होता. धुराच्या नळीत थर्मामीटर बसवला होता, डिझेलसाठी काचेची मोजनळी होती. एकाने घड्याळ धरायचं, दुसऱ्याने वीस घनसेंटिमीटर डिझेल संपायला किती सेकंद लागले ते सांगायचं, तिसऱ्याने तापमान लिहायचं. रिकाम्या इंजिनाचा धूर दीडशे-दोनशे अंशांवर. ओझं वाढवत नेलं की तीनशे, साडेतीनशे. पूर्ण ओझ्याला चारशेच्या पुढे. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं चालायचं. डिझेल वाढलं तसं कामही वाढायचं. मग मी स्क्रू फिरवून डिझेल आणखी वाढवायला लावायचो. काम किंचित वाढायचं, मग वाढायचं थांबायचं. तापमानाचा काटा मात्र पाचशेच्या पुढे पळायचा आणि खिडकीबाहेर काळा धूर निघायचा. मुलं वहीतले आकडे पाहून म्हणायची, "सर, डिझेल गेलं कुठं?"

काही डिझेल काजळी होऊन बाहेर गेलं. काही जळलं, पण उशिरा जळलं. झोपाळ्याचं उदाहरण घ्या. झोपाळा आपल्याकडे येऊन परत फिरतो त्या क्षणी धक्का दिला की तो उंच जातो. तो दूर गेल्यावर कितीही जोर लावला तरी हात हवेतच फिरतो. पिस्टन वरच्या टोकाला असताना आणि नुकता खाली निघालेला असताना जे डिझेल जळतं ते पिस्टनला ढकलतं. जास्तीचं डिझेल हवा शोधत बसतं आणि पिस्टन निम्मा खाली गेल्यावर जळतं. तेव्हा त्याची उष्णता पिस्टनला ढकलायला उरत नाही. ती सायलेन्सरमधून बाहेर जाते, नाहीतर हेड, व्हॉल्व्ह आणि लायनरमध्ये शिरते. पैसे तुम्ही कामाचे दिलेत, मिळाली फक्त उष्णता.

आता इंजिनाचा शंभर रुपयांचा हिशोब मांडू. विहिरीवरचं छोटं इंजिन नीट चालत असेल, तर शंभर रुपयांच्या डिझेलमधले पंचवीस ते तीस रुपये कामाला येतात. साधारण तीस रुपये धुराबरोबर जातात, जवळजवळ तेवढेच थंड करायच्या पाण्यात जातात, उरलेले घर्षणात आणि आजूबाजूच्या हवेत. आजच्या चांगल्या ट्रकचं इंजिन चाळीसच्या पुढे जातं. मोठ्या जहाजांची अजस्र इंजिनं पन्नास ओलांडतात. त्याहून फार पुढे जाता येत नाही. सादी कार्नो या फ्रेंच तरुणाने १८२४ सालीच दाखवून दिलं होतं की उष्णतेवर चालणाऱ्या कुठल्याही यंत्राला काही उष्णता सोडून द्यावीच लागते.

हे डिझेल नाव ज्याच्यावरून पडलं तो रुडॉल्फ डिझेल कार्नोच्या या विचाराने झपाटलेला होता. १८९३ साली त्याने जे पुस्तक लिहिलं त्यात त्याची मूळ कल्पना अशी होती, की इंधन इतकं थोडं आणि इतक्या भरपूर हवेत जाळायचं की तापमान जवळजवळ वाढूच नये. कागदावर ती फार सुंदर होती. पण असं इंजिन स्वतःचं घर्षण भागवण्यापुरतंच काम करील, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने इंधन वाढवलं. १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गला त्याच्या इंजिनाची चाचणी झाली तेव्हा ते सव्वीस टक्के कामाचं निघालं. त्या काळची वाफेची इंजिनं दहा टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे फार कमी डिझेलही उपयोगाचं नाही आणि फार जास्तही नाही. मधला मुक्काम शोधावा लागतो. पुढे आपल्याकडे १९३० च्या दशकात साताऱ्याला कूपरची डिझेल इंजिनं तयार होऊ लागली. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि महाराष्ट्राच्या शिवारात तो टुकटुक आवाज पोचला.

हा मधला मुक्काम पूर्ण ताकदीच्या तीन-चतुर्थांशाच्या जवळपास असतो. त्यामुळे दुसऱ्या बाजूची चूकही सांगितली पाहिजे. भारनियमनाच्या काळात नांदेड-लातुरात दुकानोदुकानी जनरेटर आले. पुष्कळांनी 'असू द्या मोठा' म्हणून गरजेच्या तिप्पट-चौपट ताकदीचा घेतला आणि त्यावर चार पंखे आणि सहा ट्यूब चालवल्या. त्या इंजिनात हवा भरपूर, धूर नाही, तापमान कमी. तरीही प्रत्येक युनिट महाग पडलं. कारण एवढं मोठं यंत्र फिरत ठेवण्यातच बरंचसं डिझेल गेलं. तीन हॉर्सपॉवरच्या पंपाला दहाचं इंजिन जोडणाऱ्याचं हेच होतं.

थंडाव्याचीही अशीच गंमत आहे. अनेक शेतकरी विहिरीचं थंडगार पाणी सरळ इंजिनातून काढून पाटात सोडतात. पाणी गार आलं की समाधान वाटतं. पण इंजिन गरजेपेक्षा थंड राहिलं तर डिझेल नीट पेटत नाही, तेल घट्ट राहतं आणि जी उष्णता पिस्टनला ढकलणार होती ती पाण्यात जाते. पीसीआरए ही इंधनबचतीसाठी काम करणारी केंद्र सरकारची संस्था वर्षानुवर्षं सांगत आली आहे, की इंजिनाला स्वतंत्र टाकी जोडा आणि तेच पाणी फिरवा. बाहेर येणारं पाणी हाताला चांगलं गरम लागायला हवं.

मिश्रणाचा आणखी एक अर्थ आपल्याकडे आहे, भेसळ. रेशनवर निळं रॉकेल मिळायचं तेव्हा ते डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त होतं. कोणी पंपावर भेसळ करी, कोणी आपल्याच टाकीत स्वतःच्या हाताने ओती. रॉकेलही जळतं, मग बिघडलं काय? डिझेलचा पंप इंधन वजनावर देत नाही, मापावर देतो. रॉकेल हलकं, म्हणून त्याच मापात उष्णता कमी. ते पातळ, म्हणून पंपाच्या प्लंजरच्या फटीतून निसटतं. जोर कमी पडला की ड्रायव्हर फिटरकडे जातो, फिटर पंप वाढवून देतो आणि तेच चक्र सुरू होतं. शिवाय पंप आणि नोझलला वंगण मिळतं ते डिझेलमधूनच. रॉकेलमध्ये तो ओशटपणा नाही. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे पंप-नोझलच्या दुकानात जातात. या भेसळीच्या धंद्याचं खरं रूप महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिलं. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ इंधनाची भेसळ पकडली आणि त्यांना तिथेच जिवंत जाळण्यात आलं. इंधनातली भेसळ म्हटलं की मला आधी तो दिवस आठवतो, इंजिन नंतर.

चांगलं मिश्रणही असतं. वनस्पतींच्या तेलावर प्रक्रिया करून बायोडिझेल तयार होतं. त्याच्या रेणूतच थोडा प्राणवायू असतो, म्हणून योग्य प्रमाणात मिसळलं तर काजळी कमी होते. उष्णता मात्र डिझेलपेक्षा थोडी कमी मिळते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल मिसळण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. पण म्हणून घाण्याचं करंजीचं कच्चं तेल टाकीत ओतू नका. ते घट्ट असतं, नोझलच्या तोंडाशी साचतं, फवाऱ्याऐवजी धार पडते आणि पुन्हा काळा धूर.

आता विहिरीकडे परत येतो.

आमचं इंजिन का दमत होतं ते तुमच्या आता लक्षात आलं असेल. ते विहिरीत होतं. विहिरीतली हवा हलत नाही. धुराची नळी वरपर्यंत नेलेली होती, पण ती जोडाजोडाला गळत होती. अर्ध्या तासात विहीर धुराने भरायची आणि इंजिन स्वतःचाच धूर पुन्हा आत ओढायचं. त्याच्या वाटची टँकरभर हवा त्याला मिळत नव्हती. ज्याला आपण दमणं म्हणत होतो ते गुदमरणं होतं. त्याला हवेची भूक होती आणि आम्ही त्याला डिझेल वाढायला निघालो होतो.

आम्ही कशाला म्हणू? मीच. फिटरने स्क्रू दाखवला तेव्हा मी कंदील धरून उभा होतो. एका सकाळी सगळे वर बैलांकडे असताना मी पाना घेऊन खाली उतरलो आणि तो स्क्रू अर्धा आटा फिरवला. मला वाटलं, आता इंजिन दमणार नाही, आणि मग मी सगळ्यांना सांगेन की हे मी केलं. इंजिन सुरू झालं. पहिली काही मिनिटं आवाज भरल्यासारखा वाटलाही. मग विहिरीच्या तोंडातून काळा धूर यायला लागला, पूर्वी कधी आला नव्हता असा. इंजिन अडखळायला लागलं. तात्या म्हणाले, "बंद करून येतो," आणि पायऱ्या उतरले. थोड्या वेळाने आम्ही हाका मारल्या. उत्तर आलं नाही.

डिझेलला हवा कमी पडली की काजळीबरोबर कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूला जी जागा असते तिथे तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट बसतो. माणसाला धाप लागल्याचंही कळत नाही. डोकं जड होतं, पाय लटपटतात आणि तो खाली बसतो. तात्या शेवटच्या पायरीवर बसलेले होते. शेजारच्या मळ्यातले दोघे कमरेला दोर बांधून उतरले. तोवर इंजिन स्वतःच गुदमरून बंद पडलं होतं, म्हणून त्यांना ते जमलं. तरी वर आल्यावर त्या दोघांनाही ओकाऱ्या झाल्या. तात्यांना बाजेवर घालून मोकळ्यावर ठेवलं. तासाभराने त्यांनी डोळे उघडले. इंजिनाचा पिस्टन लायनरमध्ये चिकटून बसला होता. तो दुरुस्त करायला पैसे नव्हते, आणि ते वर्ष पाण्याविना गेलं.

मी कोणालाही काही बोललो नाही.

हे सांगण्याचं कारण एवढंच, की आजही विहिरीचा गाळ काढताना, पाणी उपसताना कोणी ना कोणी इंजिन आत उतरवतो. कृपा करून तसं करू नका. इंजिन चालू असलेल्या किंवा नुकतंच बंद केलेल्या विहिरीत उतरू नका. दिवा खाली सोडून बघण्याची आपली जुनी रीत आहे; दिवा विझला तर प्राणवायू नाही हे खरं, पण दिवा तेवत राहिला म्हणजे हा विषारी वायू नाही, असं समजू नका.

आता विहिरींवर विजेचे आणि सौर पंप आले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण ट्रॅक्टर, हार्वेस्टर, ट्रक, जनरेटर हे अजून डिझेलवरच चालतात. १ एप्रिल २०२० पासून रस्त्यावरच्या नव्या गाड्यांना बीएस-सहाचे नियम लागू झाले. त्यांच्यात टर्बो असतो. टर्बो म्हणजे वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारी पंख्याची जोडी; ती इंजिनात जास्त हवा कोंबते. आपल्या भाषेत, धुरात चाललेल्या पैशांतले काही पैसे परत आणून त्यांची हवा विकत घेणं. किती हवेला किती डिझेल द्यायचं ते तिथे संगणक ठरवतो. त्यात कोणी 'पिकअप वाढवून देतो' म्हणून हात घालत असेल तर घालू देऊ नका.

आणि पाण्याचा एक हिशोब सांगतो. एका लिटर डिझेलमधली सगळी उष्णता कामाला लावता आली, तर पन्नास फुटांवरून जवळजवळ दोन लाख चाळीस हजार लिटर पाणी वर येईल. इंजिन, पंप, पाइप आणि आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो फूट-व्हॉल्व्ह, सगळ्यांचा वाटा जाऊन प्रत्यक्षात तीस-चाळीस हजार लिटर आलं तरी चांगलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. आधी दहा वॅगन, मग पन्नास वॅगनची गाडी, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. ती गाडी डिझेलचं इंजिन ओढत होतं. ज्या गावाने पाणी असं डिझेल जाळून आणलेलं पाहिलं आहे, त्या गावाला एका लिटरची किंमत मी काय सांगावी?

करायचं काय, ते थोडक्यात सांगतो. काळा धूर दिसला की पहिल्यांदा एअर क्लीनर उघडा. आपली काळी माती, उन्हाळ्यातली धूळ, मळणीचा भुसा. महिन्याभरात त्यात काय साचतं ते बघून थक्क व्हाल. तेलाचा एअर क्लीनर असेल तर तेल बदला. मग नोझल तपासून घ्या. फवारा धुक्यासारखा पडला पाहिजे, धार पडता कामा नये. मग ओझं बघा. दोन ट्रॉल्या ट्रॅक्टरच्या ताकदीबाहेर असतील तर डिझेल वाढवून त्या चढणार नाहीत, इंजिन मात्र लवकर उघडावं लागेल. पंपाच्या स्क्रूला हात लावायची वेळ सगळ्यांत शेवटी येते, आणि तोही मापावर तपासणाऱ्या माणसाचा हात असावा.

नोकरीला लागून बरीच वर्षं झाल्यावर एका दिवाळीत मी गावी गेलो होतो. तात्या थकले होते. ओसरीवर आम्ही दोघंच होतो. मी त्यांना त्या अर्ध्या आट्याची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एवढंच विचारलं, "मग त्या दिशी पाणी तरी वाढलं होतं का रे?"

मी म्हणालो, "नाही तात्या. एक घागरसुद्धा नाही."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)